भ्रूणदालनातल्या अक्षता

श्रावणातल्या शुक्रवारी, लेकरांना जपणाऱ्या जिवतीची पूजा झाली, की रोहण्याच्या कौशल्याबाई मुलांना ओवाळायच्या. जी समोर नसतील त्यांच्यासाठी चार दिशांना अक्षता टाकायच्या. त्यातली एक चिमूट दरवर्षी मेडिकल कॉलेजच्या दिशेला जायची. त्यांचं पहिलं लेकरू तिथं होतं.

ते दुसऱ्या महिन्यातच पडलं होतं. तेव्हा शरीररचना शिकवणाऱ्या डॉक्टर माधवीबाई खाटेशी येऊन बसल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "हे मला द्याल? जपून ठेवीन." कोंबडी, वाघूळ, बकरी, माणूस, कुणाचा जीव कसा घडतो ते दाखवणारे गर्भ बाईंनी जन्मभर बरण्यांत जमवले. त्यांच्याआधी या भागात कुणाला ते सुचलंही नव्हतं. आता बाई नाहीत, पण कॉलेजातल्या त्या दालनाला नाव त्यांचं आहे.

यंदा कौशल्याबाई निरांजन घेऊन थेट तिथंच गेल्या. एकदा तरी लेकराला डोळ्यांनी पाहून ओवाळायचं होतं. बाईंची विद्यार्थिनी आकांक्षा आता दालन सांभाळते. तिनं सगळं ऐकून घेतलं. आत स्पिरिट आहे म्हणून दिवा नको, अक्षता चालतील, असं म्हणाली. जीव घडतो कसा ते मी याच बरण्यांपुढे शिकले, हेही तिनं सांगितलं.

कौशल्याबाई एकेका बरणीपुढून सरकत एका बरणीशी थबकल्या. माथा छातीला टेकलेला, पाठीवर कणा उमटलेला, हाताच्या जागी नुसती कळी.

"हेच माह्यं."

आकांक्षानं बरणीवरची चिठ्ठी पाहिली. मग हळूच म्हणाली, "आजी, ते बकरीचं आहे."

कौशल्याबाई पुन्हा वाकल्या. शेजारी वाघळाचं, त्यापलीकडे माणसाचं. तीच झुकलेली मान, तीच कळी. या कळीतून कुणाचा खूर निघतो, कुणाचा पंख, कुणाचा हात, आकांक्षा सांगत गेली. कौशल्याबाईंचे हात आपसूक जुळले. सर्वांभूती देव म्हणून इतकी वर्षं पोथीत ऐकलं होतं. तो असा डोळ्यांपुढे मांडलेला असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं.

माणसाच्या बरण्यांत तुमचं शोधून पाहू का, असं आकांक्षानं विचारलं.

"राहू दे पोरी. एकाले ओळखलं, त बाकीच्याईकडे पाठ होईन."

त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या ओळीवर अक्षता टाकल्या. आशीर्वादाचे शब्द मात्र ओठांशी अडले. या जीवांना 'औक्षवंत व्हा' म्हणायचं तरी कसं? मुठीत एक चिमूट उरली होती. ती त्यांनी आकांक्षाच्या डोक्यावर टाकली.

"औक्षवंत हो."