कानबाईचा रुपया

भेंडी तोडून तोडून चिमाबाईच्या हातांची नुसती आग होत होती. भिजलेल्या भेंडीची कूस मोठी वंगाळ, कातडीत घुसली की दिवसभर खाजवत बसा. आणि इकडचा पाऊस म्हणजे काय विचारता! अमळनेराकडचा पाऊस बिचारा येतो, दोन दिवस राहतो आणि जातो. सिल्वासातला मेला एकदा बसला की उठायचं नाव घेत नाही. लखन नावाच्या इथल्या शेतकऱ्याच्या वावरातली एक पट्टी तिनं वाट्यानं केली होती, त्यातली निम्मी भेंडी झाडावरच कुजलेली. टोपलं घेऊन ती रांधा गावातल्या आपल्या भाड्याच्या खोलीवर आली, तेव्हा पायात त्राण म्हणून नव्हतं.

पण टेकायची सोय कुठली? उद्या रविवारी कानबाई बसायची होती. खानदेशचा माणूस पोटासाठी कुठंही जावो, श्रावणात नारळाला नथ घालून कानबाई मांडल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. त्यातून चिमाबाईच्या नवऱ्याच्या, भगवंत पाटलाच्या घरची कानबाई म्हणजे वेगळीच गोष्ट. तिच्या कलशापाशी एक जुना चांदीचा रुपया मांडायचा, राजाच्या तोंडाचा. भगवंतची आई, म्हणजे चिमाबाईची सासू, जिला सुना आत्याबाई म्हणत, दर साली तो रुपया हातावर घेऊन चारचौघींना ऐकवायची, "बहात्तरच्या दुष्काळात घरात चांदीचा मणी राह्यला नाही. कडे गेले, तोडे गेले, पण कानबाईचा रुपया मी मोडला नाही!" सगळ्या भाऊबंदांना त्या रुपयाचा अभिमान. रुपया ज्याच्या घरी, कानबाई त्याच्या घरी.

सासू शेवटची चार वर्षं अंथरुणाला खिळून याच खोलीत होती. चिमाबाईनं तिचं हगणंमुतणं काढलं, तिला घास भरवला, तिच्या शिव्याही खाल्ल्या. माघात म्हातारी गेली आणि रुपया चिमाबाईच्या देव्हाऱ्यात राहिला. हेच गावाकडच्या धाकट्या जावेला, मंजुळाबाईला, खुपत होतं.

"दिवसकार्याले आले तवाच पाह्यलं मी," ती परवा फोनवर म्हणाली होती. "काळा ठिक्कर पडला रुपया. देवाची वस्तू अशी ठेवतात का बाई? आमी शनिवारी येतो. सोमवारी कानबाई उठली का रुपया गावाले नेतो. मंग पाह्य कसा लख्ख ठेवते."

ते बोलणं चिमाबाईच्या जिव्हारी लागलं होतं. सून पूजा कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू पाखडत होती. ती म्हणाली, "मम्मी, टूथपेस्ट लावून घासा ना. मोबाइलवर दाखवतात, एकदम चमकतं."

"आत्याबाई म्हणायच्या, दुधानं धू, घासू नको."

"मग काकू बोलणारच ना काळा आहे म्हणून?"

आत्याबाईंनी जीभ जड झाल्यावरसुद्धा तिचा हात धरून हेच सांगितलं होतं. पण आत्याबाई गेल्या, आणि मंजुळा संध्याकाळी दारात उभी राहणार! चिमाबाईनं चिंच आणि मीठ घेतलं, मोरीत पाट टाकला आणि घासायला बसली.

आधी काळं पाणी आलं, मग कुंकवाचं लाल. मग राजाचा गाल पांढरा दिसायला लागला आणि चिमाबाईला बरं वाटलं. मनातल्या मनात म्हणाली, बघ म्हणावं मंजुळे, बघ! तिनं आणखी जोर लावला. तेवढ्यात गालावर लालसर डाग दिसला. कुंकू असेल म्हणून तिनं तो घासला. डाग मोठा झाला. नाकावर आला, कपाळावर आला. कुंकू नव्हतं ते. तांबं होतं.

हात जागीच थांबला.

भगवंत नाइट करून राखोलीच्या गिरणीतून सकाळीच आलेला, भिंतीकडे तोंड करून पडला होता. तिनं त्याला हलवलं. "अवं, उठा ना. रुपया खोटा निघाला."

त्यानं एक डोळा उघडला, रुपया पाहिला, परत मिटला. "निघाला तर निघाला. मले झोपू दे."

"मंजुळा काय म्हणंल? खरा विकून खाल्ला म्हणंल!"

आता मात्र तो उठून बसला. सुजलेले पाय त्यानं खाली सोडले. "सोनाराले दाखव," तो म्हणाला. "आपल्याले काय समजतं त्यातलं?"

रिक्षात दाटीवाटीनं बसून ती सिल्वासाच्या बाजारात गेली. म्हातारा सोनार गुजराती, पण इतकी वर्षं खानदेशी गिऱ्हाइकं हाताळून मराठीत बोलायचा. त्यानं रुपया काचेवर टाकला. ठण्ण वाजायला हवा, तो टक् करून पडला. काट्यावर ठेवला, हलका भरला. मग भिंग लावून कड पाहिली.

"बेन, आ चांदी नथी. तांबं आहे, वरून चांदीचं पाणी चढवलं होतं. कडेचे दाते बघा, बोथट. ओतून केलेला आहे. जुन्या काळी असे पुष्कळ निघायचे."

"मंग धुवून काय फायदा?"

"धुवायचा कशाला? जेवढा घासाल तेवढं तांबं दिसणार." त्यानं रुपया उलटा केला आणि थांबला. मागची बाजू तिनं घासलीच नव्हती. अक्षरांच्या खाचा कुंकवानं, तेलानं, दुधानं बुजून गेल्या होत्या. त्यानं सुईच्या टोकानं एक कण उचलला. "हा मळ बघा, थरावर थर. चार-पाच वर्षांत एवढा बसत नाही बेन, जिंदगी जाते. ही बाजू राहू द्या."

चिमाबाईनं मान हलवली. सोनार जरा पुढं वाकला. "नाहीतर सांजपर्यंत दोन्ही बाजूंनी पाणी चढवून देतो. नवा कोरा दिसेल. कोणाला कळणार नाही."

तिच्या मनात आलं, द्यावा. देऊन टाकावा आणि मोकळं व्हावं. मंजुळा लख्ख रुपया बघून गप्प बसेल. पण मग तो सोमवारी तिच्याबरोबर गावाला जाईल, आणि कधीतरी ती घासेल, आणि मग मात्र आपण खरंच चोर ठरू. सारा जन्म असा धाकधुकीत कोण काढणार? खोटं वागायलासुद्धा अंगात जोर लागतो, आणि तिच्या अंगात तो उरला नव्हता.

"राहू द्या," ती म्हणाली आणि रुपया पदरात बांधून निघाली.

संध्याकाळी धाकटा दीर नवनाथ आणि मंजुळाबाई वापीला गाडीतून उतरून, चिखल तुडवत आली. चहाची कपबशी खाली ठेवता ठेवता मंजुळाबाईनं विचारलं, "रुपया कुठं आहे बाई?"

चिमाबाईनं पदराची गाठ सोडून तो तिच्यापुढं ठेवला. मंजुळाबाईनं तो उचलला आणि तिचा चेहरा बघता बघता बदलला.

"हे काय आहे? हे तांबं आहे! हा आपला रुपया नाही!"

"आपलाच आहे."

"आपला चांदीचा होता! आत्याबाईनं दुष्काळात नाही मोडला, तो तुमी इथं मोडला? अहो, पाह्यता काय, तुमच्या आईचा रुपया खाल्ला इनं!"

"तोंड सांभाळ मंजुळा!" भगवंत ओरडला. नवनाथ खाली मान घालून बसला होता. पूजा परातीतलं पीठ तसंच सोडून दारात येऊन उभी राहिली.

चिमाबाईला रडू यायला हवं होतं, पण तेही आलं नाही. ती नुसती थकलेल्या आवाजात म्हणाली, "मंजुळा, त्याले पालथा कर."

मंजुळाबाईनं केला. काळी, कुंकवानं थापलेली बाजू वर आली. तिनं नख लावून पाहिलं. मळ निघेना.

"तुह्या लग्नात आत्याबाईनं पूजेले तोच रुपया दिला होता का नही तुह्या हातात? धुवाले काय सांगितलं होतं?"

"दुधानं धू, घासू नको म्हने."

"मले बी तेच सांगितलं. मरता मरता सांगितलं. कशाले सांगितलं असंल?"

मंजुळाबाईनं रुपया परत सुलटा केला. पत्र्यावर पाऊस वाजत होता. तिची नजर त्या लाल गालावरून हलेना.

"मले वाटे, देवाचं आहे म्हणून," शेवटी ती हळूच म्हणाली.

"मले बी तसंच वाटे."

मग नवनाथ बोलला, कोणाकडं न बघता. "बहात्तर साली मी आईच्या पोटात होतो. समदं गेलं, रुपया तेवढा ठेवला म्हने. पोटात पोर घेऊन उपाशी बाई रुपया ठेवंल का?" त्याचा आवाज फाटला. "मोडलाच असंल तिनं. ज्वारी आणली असंल. आणि भाऊबंद विचारतील म्हणून हा आणून ठेवला असंल. म्हणून दर साली एवढ्या मोठ्यानं सांगे, मोडला नाही, मोडला नाही."

त्यानं तोंडावरून उपरणं फिरवलं आणि तसाच डोळे झाकून बसला. भगवंतनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मंजुळाबाईनं काही माफी मागितली नाही, ती माफी मागणारी बाईच नव्हे. तिनं पूजाला हाक मारली, "कुंकू आण. आणि थोडं तेल." तेलात कुंकू कालवून तिनं अंगठ्यानं राजाच्या गालावर दाबलं. मग नाकावर, मग कपाळावर. चांगलं जाडसर थापलं. तांबं दिसेनासं झालं.

"उद्या शेजारच्या बाया येतील," ती म्हणाली. "आणि हे पाह्य, मी काही हा गावाले नेत नाही. तिकडं समदे येऊन पाह्यतील, हात लावतील. इथंच राहू दे. आमीच येत जाऊ दर साली."

दुसऱ्या दिवशी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. गिरणीतल्या खानदेशी कामगारांच्या घरच्या साऱ्या बाया जमल्या. नारळाला नथ चढली, रोटाचा वास सुटला, गाणी झाली. एका नव्यानं आलेल्या बाईनं वाकून कलशापाशी पाहिलं.

"दुष्काळात मोडला नाही तो रुपया हाच का व माय?"

चिमाबाई बोलली, आत्याबाईच बोलत होत्या जणू. "हाच. कडे गेले, तोडे गेले, पण हा मोडला नाही."

"पण किती मळका ठेवलाय! घासत कशा नाही?"

चिमाबाईनं तोंड उघडलं, पण तिच्या आधी मंजुळाबाईच कडाडली.

"आमच्या घरात घासत नाहीत. दुधानं धुतात!"

ती बाई ओशाळून मागं सरली. चिमाबाईनं आठवड्यात पहिल्यांदाच भिंतीला पाठ टेकली, पाय लांब केले आणि पूजाला म्हणाली, "बाई, माह्यासाठी बी अर्धा कप चहा टाक."