पांढऱ्या कोल्ह्याची झालर

मी एक जुनी आमाउती आहे. मित्रांनो, हे नाव तुम्हाला नवं वाटेल, पण माझं काम तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. आमच्या उत्तर टोकाच्या बर्फाच्या मुलखात तान्ह्या बाळाची आई मला कोटासारखं अंगात घालते. माझ्या पाठीत एक मोठी पिशवी असते. बाळ तिच्यात आईच्या उबेला बसतं आणि माझी भलीमोठी टोपी दोघांच्याही डोक्यावर येते. बरीच वर्षं मी पडवीत खिळ्याला टांगलेली होते, बर्फगाडीच्या पेट्रोलच्या डब्याशेजारी. माझ्या कडेला उंदरांनी थोडंसं चाखूनही पाहिलं आहे. पण तक्रार नंतर करीन. आधी माझ्या जन्माचं सांगते.

मला उलायुकने शिवलं. तिच्या मुलीला, लीटियाला, दिवस गेल्याचं कळलं आणि त्याच आठवड्यात तिने दुकानातून जाड लोकरी कापड आणलं. ती जमिनीवर पाय पसरून बसायची, अर्धगोल सुरीने कापड कापायची आणि टाके घालता घालता लेकीवर ओरडायची.

"दारात रेंगाळू नकोस गं! एक तर आत ये, नाहीतर बाहेर जा. गरोदर बाई उंबऱ्यात उभी राहिली की पोरही तसंच दारात अडून बसतं."

"मग मी खिडकीतून येत जाऊ का?"

"ये की. पोट मावलं तर ये!"

दोघी हसायच्या. त्या हसण्यात मी वाढले. माझे खांदे ऐसपैस झाले, पाठीची पिशवी झाली, बाळ खाली घसरू नये म्हणून कमरेचा पट्टा झाला. राहिली फक्त टोपीची झालर.

एका सकाळी लीटिया बाहेर गेली असताना उलायुकने पेटीच्या तळातून एका पांढऱ्या कोल्ह्याचं कातडं काढलं. बराच वेळ ती ते मांडीवर घेऊन बसली. मग मुकाट्याने ते माझ्या टोपीला शिवायला लागली. मला शिवताना ती गप्प बसली ती तेवढीच.

तो कोल्हा पुटुगुकने एका हिवाळ्यात आणला होता. पुटुगुक उलायुकचा मुलगा, लीटियाचा मोठा भाऊ. त्याच हिवाळ्यानंतरच्या वसंतात तो समुद्रावरच्या बर्फावरून गाडी घेऊन गेला आणि बर्फ फुटला. गाडीमागची घसरगाडी सापडली, तो सापडला नाही.

आमच्याकडे माणूस गेलं तरी त्याचं नाव जात नाही. पुढे जन्मणाऱ्या एखाद्या बाळाला ते नाव देतात, आणि मग ते माणूस घरी परत आलं असं सगळे धरतात. नातंसुद्धा जुनंच चालतं. बाळाला आजीचं नाव दिलं, तर आई त्या बाळाला 'आई' म्हणूनच हाक मारते. पुटुगुकचं नाव मागायला गावातल्या दोन बायका येऊन गेल्या होत्या. उलायुकने त्यांना चहा पाजला, भाकरी वाढली आणि परत पाठवलं.

"त्याचं नाव त्याला लागेल," ती म्हणाली. "आल्यावर काय बिननावाचा फिरेल का तो?"

नाव दिलं म्हणजे मुलगा गेला हे मान्य करावं लागतं, आणि ते तिच्याने होत नव्हतं. त्या घरात पुटुगुकचं नाव निघायचं बंद झालं.

आमच्या गावात बाळंतपणाची सोय तेव्हाही नव्हती, आजही नाही. पहिलटकरणींना तर दिवस भरायच्या कितीतरी आधीच विमानाने दक्षिणेतल्या शहरात पाठवत. लीटियाचा नवरा जोआनासी लांबच्या खाणीवर कामाला होता, त्यामुळे तिला एकटीलाच जायचं होतं. निघताना तिने मला हातावर घेतलं आणि दारात थांबली.

"आई, बाळाचं नाव…"

"कौनाक. माझ्या आईचं. ठरलंय ना ते?"

"हो, पण दादाचं…"

"विमान चुकेल तुझं. दारात उभी राहू नकोस."

असं म्हणाली खरी, पण लेकीची बाही धरून दारात उभी होती ती स्वतःच.

शहरात बाळंतिणींसाठीच्या वसतिगृहात लीटिया राहिली. बाहेर झाडंच झाडं, लांबचं काही दिसेना. जेवणात रोज कोंबडी. मला घालण्याइतकी थंडी नव्हती, म्हणून ती मला उशाशी ठेवून झोपायची. तिथे एलिसापी नावाची दुभाषी बाई होती. तीही आमच्यासारखीच उत्तरेची, फक्त गाव निराळं. ती घरून सीलच्या मटणाचा डबा आणायची आणि लीटिया तो अधाशासारखा संपवायची.

"हळू खा गं," एलिसापी म्हणायची. "सील मेलाय, पळून जात नाही."

"मावशी, खूप दुखतं का हो?"

"दुखतं. खोटं कशाला सांगू? पण ते दुखणं कुठेतरी जात असतं. पायाच्या ठणक्यासारखं एका जागी बसून राहत नाही."

मग एका पहाटे कळा सुरू झाल्या. दवाखान्यात मला खुर्चीवर ठेवलं होतं. तिथून मी सगळं पाहिलं. सुरुवातीला लीटिया प्रत्येक कळेनंतर हसून एलिसापीकडे बघत होती. दुपारपर्यंत तिचं हसणं संपलं. ती कण्हत होती, मग ओरडत होती, आणि मग तिने ओरडणंही सोडून दिलं. तिच्यासाठी मला फार भीती वाटली. ती पलंगावर होती, पण आमच्यात नव्हती. परिचारिका चांगली होती, तिचा घाम पुसत होती, पण तिचं बोलणं लीटियाला कळत नव्हतं. डॉक्टर येऊन तपासून गेल्या. बाळाचं डोकं वाटेत अडलं होतं आणि त्याचे ठोके मंदावत चालले होते.

"थोडा वेळ बघतील," एलिसापीने सांगितलं. "नाहीतर पोट कापून काढतील."

"ते दारात अडलंय, मावशी," लीटिया म्हणाली. "मी दारात उभी राहिले होते."

एलिसापी हसली नाही. तिने फोन लावला आणि मोठ्या आवाजावर करून उशीजवळ ठेवला.

"उलायुकताई, तुमचं नातवंड यायला तयार नाही. त्याला नावाने बोलवा."

जुन्या सुइणी हेच करायच्या. बाळ अडलं की गेलेल्या माणसांची नावं एकेक करून घ्यायची. ज्याला यायचं असेल, तो आपलं नाव ऐकून येतो.

फोनमधून उलायुकचा आवाज आला. "कौनाक! आई, ये गं. तुझ्या नातीला किती त्रास देशील?"

कळ आली आणि गेली. बाळ जागचं हललं नाही. उलायुकने मामाचं नाव घेतलं, आत्याचं घेतलं, लहानपणीच गेलेल्या चुलत बहिणीचं घेतलं. तिथे तिची नावं संपली.

लीटियाने माझ्याकडे हात केला. एलिसापीने मला उचलून तिच्या छातीशी दिलं. तिने माझ्या टोपीत तोंड खुपसलं. तिचा घाम आणि तिची आसवं माझ्या झालरीत उतरली.

"आई," ती म्हणाली, "ही झालर कुठल्या कोल्ह्याची?"

तिने फोन स्वतःजवळ ओढला.

"आई, सांग ना गं."

"त्याच्या," उलायुक म्हणाली. "त्याने आणलेल्या."

"मग तू त्याला बोलाव. मी मघापासून मनात बोलावतेय. पण माझं नाही ऐकणार तो. तुझंच ऐकायचा."

"मी इकडे बोलावलं, तर तो बर्फावरून परत यायचा नाही, लीटिया."

"आई, तो तिकडे नाहीये गं."

मित्रांनो, मी कापडाची आहे. मला काळीज नाही. तरी त्या क्षणी माझा टाका न् टाका ताणला गेला. पुढची कळ आली, लीटियाच्या मुठी माझ्या बाह्यांवर आवळल्या आणि हजारो मैलांवरून तिच्या आईने हाक मारली. ती हाक कसली होती सांगू? संध्याकाळी खेळायला गेलेल्या पोराला जेवायला बोलवावं ना, तशी.

"पुटुगुक! ए पुटुगुक! बाळा, घरी ये. पुरे झालं आता. घरी ये."

आणि बाळ आलं.

डॉक्टर म्हणाल्या, डोकं वळलं म्हणून वाट मोकळी झाली. तेही खरंच असेल, त्यांचे हात कुशल होते. मी दोन्ही पाहिलं आणि मला दोन्ही पटलं.

बाळाला लीटियाच्या उघड्या छातीवर ठेवलं. ओलं, जांभळं, चिडलेलं बाळ. लीटियाने त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण तो दाबायला ती घाबरत होती. इतका वेळ ज्याच्यासाठी मरणप्राय सोसलं, ते समोर आलं आणि त्याला काय म्हणावं हेच तिला सुचेना. ती नुसती रडत होती आणि रडता रडता हसत होती.

"आई, मुलगी आहे," शेवटी ती म्हणाली. "दादा मुलगी होऊन आलाय."

"मुलगी?" उलायुकचा आवाज फाटला होता. "असू दे. आता तरी माझं ऐकेल."

आम्ही गावी परतलो तेव्हा विमानतळावर वारा सुटला होता. बाळ माझ्या पिशवीत झोपलं होतं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं ओझं. उलायुक पुढे आली, तिने माझी झालर बाजूला केली आणि वाकून त्या इवल्याशा तोंडाकडे बघत राहिली.

"किती उशीर केलास रे," ती म्हणाली.

त्यानंतर माझे सुखाचे दिवस आले. पुटुगुकचा जुना शिकारी मित्र घरी येऊन त्या पोरीशी हात मिळवायचा आणि विचारायचा, "काय रे मित्रा, कसा आहेस?" लीटिया तिला दादाच म्हणायची. "दादा, नाक पूस" असं ऐकलं की परका माणूस चक्रावून जायचा. माझ्या पिशवीत पुढे तिची भावंडंही वाढली. गावातल्या बायका माझे टाके बोटाने चाचपून बघायच्या आणि उलायुक मान वळवून खूश व्हायची.

मग चेनवाली जाकिटं आली, ढकलायच्या गाड्या आल्या, आणि मी पडवीत गेले. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते गेल्या हिवाळ्यात, उलायुक गेली तेव्हा. लीटियाने तिचे कपडे पेटीत घातले, सुरी कापडात गुंडाळली आणि तिचं नाव घेणं सोडून दिलं. कोणी घेतलं तर ती उठून बाहेर जायची. अगदी आईवर गेली.

काल ती पडवीत आली. मला खिळ्यावरून काढून तिने बर्फात घासून स्वच्छ केलं आणि उंदरांनी कुरतडलेली कड शिवली. दादाचे, म्हणजे लीटियाच्या थोरल्या लेकीचे, धाकट्या पुटुगुकचे, बाळंतपणाचे दिवस भरत आलेत. आज दादाचं विमान होतं. ती मला हातावर घेऊन निघाली आणि दारात थांबली.

"आई, बाळाचं नाव…"

लीटियाचा हात माझ्या झालरीवर होता.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं काहीतरी खिळ्याला किंवा पेटीत असेल. त्याला अधूनमधून ऊन दाखवा, उसवलं तर दोन टाके घाला. आणि ते ज्याच्या हातचं आहे, त्याचं नाव घेताना डोळ्यात पाणी आलं तरी ते घ्या. माझी एवढीच विनंती आहे. लीटियाला मी हेच सांगणार होते, पण मला बोलता येत नाही.

सांगावं लागलं नाही. तिने दादाला दाराबाहेर ओढलं, माझी टोपी तिच्या डोक्यावर चढवली आणि मोकळ्या आवाजात म्हणाली,

"उलायुक. अडली तर जोरात हाक मार, दादा. ती तुझं ऐकेल."