ऑडिशन घेणाऱ्या कॅमेऱ्याची कबुली

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे. माझ्या बरोबरीचे आता फारसे कोणी कामावर नाहीत. मीही एका कपाटाच्या खालच्या कप्प्यात, विटलेल्या स्वेटरवर पडून असतो. माझ्यासारख्या वस्तू गोष्ट सांगायला बसल्या की आपण किती झिजलो तेच सांगतात. झिजलो मीही आहे. पण आज त्यासाठी बोलत नाही. माझ्यामुळे एका माणसाचे फार मोठे नुकसान झाले. ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने श्वास रोखून माझी काच बसवली. पहिली दहा वर्षे मी एका स्टुडिओत लग्नांचे काम केले. लाजणाऱ्या नवऱ्या, रुसलेले काका, टेबलाखाली झोपी गेलेली पोरे, सगळे पाहिले. लोक माझे कौतुक करत. एक खोड मात्र होती. ऐन वेळी माझी बॅटरी मान टाकायची. अंगठी बोटात जाणार, एवढ्यात मी डोळे मिटणार! स्टुडिओचा मालक चिडायचा आणि ताई सांभाळून घ्यायची.

ताई म्हणजे तिथली एडिटर. चष्मा केसांत खोचून तो टेबलभर शोधणारी. दिवसभर ती लोकांची लग्ने कापायची आणि जोडायची. नको ते अशा सफाईने काढून टाकायची की, भांडणात पार पडलेले लग्नसुद्धा बघणाऱ्याला गोड वाटायचे. मालकाने नवे कॅमेरे आणले तेव्हा तिने मला मागून घेतले. भंगारात जाता जाता मी वाचलो.

रविवारी ताई चर्चमध्ये लहान मुलांना गोष्टी सांगायची. कितीतरी वर्षांपासून एक सिनेमा काढायचा तिच्या मनात होता. घर सोडून गेलेला मुलगा परत येतो, अशा गोष्टी सगळ्यांनी ऐकलेल्या असतात. ताईच्या गोष्टीत घर सोडून गेला होता तो बाप. वीस वर्षांनी तो मुलीच्या दारात येऊन उभा राहतो. दार उघडायचे की नाही, ते मुलीने ठरवायचे. क्षमा म्हणजे काय, हे तिला उपदेश न करता, त्या एका दारातून दाखवायचे होते.

पण सिनेमा नुसत्या इच्छेवर निघत नाही. चर्चच्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, गोष्ट ऐकून डोळे पुसले आणि तिला कमिटीकडे पाठवले. कमिटीने चहा दिला आणि सूचना दिल्या. एकाच्या मते शेवटी बाप पाळक झाला पाहिजे होता. दुसऱ्याला दर दहा मिनिटांनी शास्त्रवचन हवे होते. एका काकूंच्या भाचीला गाणे म्हणायचे होते. पैशांचा विषय निघाला की प्रत्येकाला घरची कामे आठवत. सिनेमावाल्यांकडे गेली, तर ते म्हणाले की हा धार्मिक सिनेमा, तुमच्या चर्चवाल्यांनाच विचारा.

शेवटी ती वखारवाल्या काकांकडे गेली. चर्चची सगळी बाके त्यांच्या वखारीतल्या लाकडाची. त्यांनी पटकथा फळी तोलावी तशी हातात तोलली आणि परत दिली.

"पोरी, मी वाचत बसत नाही. मला माणूस दाखव."

ताईकडे माणूसच नव्हता. म्हणून तिने चर्चच्या मागच्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी ऑडिशन ठेवल्या आणि मला तीन पायांच्या स्टँडवर उभे केले. माझ्या पुढच्या बाजूला एक लाल दिवा आहे. मी चालू असलो की तो लागतो. तो पाहिला की भलेभले वाक्ये विसरत. म्हणून ताईने त्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला. तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नाही.

कोण कोण आले, काय सांगू! ख्रिस्ती सिनेमा म्हणजे दाढी लागणारच, असे समजून बँकेतला एक कारकून नाटकातली दाढी लावून आला. "माझ्या लेकी" म्हणताना ती निम्मी सुटली. एक निवृत्त मास्तर इतक्या जोरात रडले की, शेजारच्या शिवणवर्गातल्या बाई पाण्याचा पेला घेऊन धावत आल्या. मालिकेतल्या एका नावाजलेल्या नटाने तर फोनवरच नकार दिला. धार्मिक कामात एकदा दिसलो की पुढे तसलीच कामे येतात, असे त्याचे म्हणणे.

तिसऱ्या शनिवारी हॉलचा पंखा बंद पडला आणि वायरमन आले. साठीला टेकलेले, अंगाने बारीक, खिशाला कायम टेस्टर अडकवलेला. सगळे त्यांना टेस्टरकाका म्हणत. चार वर्षांपूर्वी ते या गावात आले होते. एकटेच राहत आणि स्वतःविषयी कधी बोलत नसत. पंखा फिरायला लागला तोवर ऑडिशनला आलेले सगळे निघून गेले होते. ताईने गमतीने कागद त्यांच्या पुढे केला आणि चार ओळी वाचता का, म्हणून विचारले.

काका शिडीच्या खालच्या पायरीवर बसले. दोन ओळी वाचल्या. मग कागद मांडीवर उलटा ठेवला.

"हा माणूस असं नाही बोलणार," ते म्हणाले.

"मग कसं बोलेल?"

काकांनी माझ्याकडे पाहिले. "ताई, हे बंद आहे ना?"

मित्रांनो, मी चालू होतो. ताईला ते ठाऊक होते. तिने माझ्यावरच्या काळ्या चिकटपट्टीकडे पाहिले.

"हो, बंद आहे," ती म्हणाली.

मग काका बोलू लागले. मुलगी सहा वर्षांची असताना, कोपऱ्यावरून बल्ब घेऊन येतो म्हणून ते घरातून निघाले आणि परत गेलेच नाहीत. दारू नव्हती, दुसरी बाई नव्हती. संसाराला नुसते भ्याले होते. बायको गेल्याचे त्यांना परक्या गावात, दुसऱ्याच्या तोंडून कळले. मुलगी आता इथल्या औषधाच्या दुकानात काम करत होती आणि त्यांच्यापासून दोन गल्ल्यांवर राहत होती. तिच्या दुकानात जायची वेळ येऊ नये म्हणून ते ताप अंगावर काढत. चार वर्षे ते एकच काम करत होते. तिच्या दारात उभे राहून पहिले वाक्य काय बोलायचे, ते जुळवत होते. बोलताना त्यांचा अंगठा शिडीच्या कडेवरून पुन्हा पुन्हा फिरत होता.

शेवटी ते म्हणाले, "तिनं दार नाही उघडलं, तरी तिचं बरोबरच आहे. फक्त ते तिला एकटीला ठरवता यावं. मध्ये कोणी नसावं."

माझ्या बॅटरीत तेव्हा थोडीशीच धुगधुगी होती. लग्नांत नको तेव्हा डोळे मिटणारा मी, त्या दिवशी अखेरपर्यंत जागा राहिलो. इतके खरे बोलणे मी जन्मात टिपले नव्हते. मला ते हवे होते. म्हणून सारा दोष मी ताईच्या गळ्यात घालत नाही.

ताईने ते बोलणे पुन्हा पुन्हा पाहिले. मग कात्री लावली. शेवटची वाक्ये तिने काढून टाकली. त्या वाक्यांमुळे माणूस समजूतदार वाटत होता. ती काढल्यावर तो दारात उभा राहून गयावया करतोय असे वाटू लागले. तीन मिनिटांचा तुकडा तयार झाला. हा एकदाच, फक्त वखारवाल्यांना दाखवायचा, असे तिने स्वतःला बजावले.

वखारवाल्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला. मग म्हणाले, या माणसासाठी मी तुझ्या पाठीशी आहे. 'एकदाच'चे दोनदा झाले. नकार देणाऱ्या नटाला ताईने तुकडा पाठवला, आणि तो आपणहून आला. चारदा पाहून त्याने काकांचा आवाज, काकांचे थांबणे, अगदी अंगठा फिरवणेसुद्धा उचलले. स्वतः काकांना मात्र कशाचा पत्ता नव्हता. हॉलमध्ये भेटले की ताई त्यांना जरा जास्तच आग्रहाने चहा विचारायची आणि त्यांच्या डोळ्यांकडे बघायचे टाळायची.

उरलेल्या पैशांसाठी चर्चमध्ये सभा ठेवली. काका परगावी कामाला जाणार होते, तोच दिवस ताईने निवडला. हॉलमध्ये चहा फिरला, पडद्यावर काका दिसले, आणि सगळ्यांचे रुमाल बाहेर निघाले. तिसऱ्या रांगेत शेजारणीबरोबर आलेली एक तरुण बाई बसली होती. ती रडली नाही. हातातला कप तिने खुर्चीखाली ठेवला आणि उठून गेली. त्या वेळी ताईला वाटले, कोणाला तरी घरी जायची घाई असेल.

दोन दिवसांनी काका ताईकडे आले. बसा म्हटले तरी बसले नाहीत. त्यांची मुलगी त्यांच्या खोलीवर येऊन गेली होती. वीस वर्षांत पहिल्यांदाच ती त्यांच्या पुढ्यात उभी राहिली, आणि एवढेच बोलून गेली, की सगळ्या गावाला सांगितलंत, मला सोडून. काका हे शांतपणे सांगत होते. जळालेली वायर घरमालकाला दाखवताना बोलतात, तसे.

"त्या दिवशी ते चालू होतं ना?" त्यांनी विचारले.

"होतं, काका."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

काका दारापर्यंत गेले आणि वळले. "वाक्य जुळत आलं होतं माझं," ते म्हणाले.

पुढचे तीन दिवस ताईने मला हात लावला नाही. जेवली की नाही, तेही मला माहीत नाही. प्रार्थनेला गुडघे टेकायची आणि काही न बोलता उठायची. चौथ्या दिवशी तिने मूळ कॅसेट माझ्यात घातली, मला पिशवीत टाकले आणि औषधाच्या दुकानात गेली. दुपारच्या सुट्टीत, मागच्या खोलीत, खोक्यांच्या मध्ये एका स्टुलावर ती त्या मुलीसमोर बसली. तुझ्या वडिलांनी कोणालाच सांगितलं नव्हतं, ती म्हणाली. बंद आहे असं मी खोटं बोलले. वरून त्यांचं बोलणं कापलं.

मुलीने एवढेच विचारले, की न कापलेले आहे का. मग माझ्या छोट्या पडद्यावर तिने सगळे पाहिले. शेवटची वाक्ये आली तेव्हा तिने कॅसेट मागे नेली आणि ती पुन्हा ऐकली. नंतर माझ्यातून कॅसेट काढून घेतली, आणि बाकी जिथे जिथे हे असेल तिथून पुसून टाकायला सांगितले.

"त्यांना काही सांगू का?" ताईने विचारले.

"नको. तुम्ही मध्ये येऊ नका."

त्या रविवारी उपासनेनंतर ताई सगळ्या मंडळींसमोर उभी राहिली आणि आपण काय केले ते सांगितले. तो तुकडा तिने सगळीकडून पुसला. ज्यांनी पैसे दिले होते त्यांना ते परत घेऊन जायला सांगितले. वखारवाले म्हणाले, मी त्या माणसाकडे बघून हो म्हटलं होतं. आता त्यालाच विचार. ताई काकांच्या खोलीवर गेली आणि नटाने त्यांचे काय काय उचलले तेही सांगितले. काकांनी दार अर्धेच उघडले. सिनेमा काढा, ते म्हणाले, पण त्यात माझं बोलणं नको, आणि माझा अंगठाही नको. नटाला तर तो अंगठाच हवा होता. तो निघून गेला.

सिनेमा दोन वर्षांनी झाला, आधी ठरला होता त्याच्यापेक्षा पुष्कळ लहान. बापाचे काम एका निवृत्त बसचालकाने केले. त्याला वाक्ये पाठ होत नसत, पण गप्प बसणे छान जमे. शेवट ताईने बदलला. पूर्वी मुलगी दार उघडायची. आता बाप दार वाजवतो आणि सिनेमा संपतो. कमिटीला तो शेवट आवडला नाही. ताईने मात्र तो तसाच ठेवला.

पहिला खेळ चर्चच्या त्याच हॉलमध्ये झाला. दिव्यांच्या बटणांपाशी काका उभे होते, कारण ते त्यांचे काम होते. त्यांनी ताईला क्षमा केली की नाही, ते त्यांनी कधी सांगितले नाही आणि ताईनेही कधी विचारले नाही. मला तिने त्यांच्याजवळच्या टेबलावर, उघड्या पिशवीत ठेवले होते. सिनेमा सुरू झाल्यावर मुलगी आली आणि दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर बसली. काकांनी तिला पाहिले.

सिनेमा संपला. काकांनी दिवे लावले नाहीत. कोणाचेही तोंड न बघता तिला निघून जाता यावे, एवढा वेळ ते तिला देत होते. लोक अंधारात चुळबुळ करू लागले. ती उठली, पण दाराकडे गेली नाही. बटणांच्या फळीपाशी येऊन थांबली.

"दिवे लावा," ती म्हणाली.

काकांनी बटण दाबले. दोघे समोरासमोर उभे होते. काकांचे ओठ हलले. ते पहिले वाक्य काय होते, मित्रांनो, ते मला ठाऊक नाही. ताई लगबगीने आली, माझ्या पिशवीची चेन ओढली आणि मला उचलून बाहेर घेऊन गेली.

आता तुमच्या खिशांत माझ्याहून लहान आणि माझ्याहून तीक्ष्ण डोळ्यांची यंत्रे असतात. त्यांची काच तुम्ही पुसालच, ती पडू नयेत म्हणून जपालही. पण एवढ्यावर थांबू नका. तुमच्यापुढे कोणी मन मोकळे करू लागले, तर आधी यंत्र दूर ठेवा आणि नुसते ऐका. माणसाचे बोलणे त्याचे असते. ते कोणापाशी, कधी बोलायचे, हे त्याचे त्याला ठरवू द्या. मला ते त्या दुपारी कळायला हवे होते.