घरधन्याचा गोळा

लोण्याऐवजी काय वापरावं, हे मोबाईलमधली एक बाई सांगत होती. माझी सून स्वप्ना तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन बघत बसली होती. पिकलेलं केळं कुस्करा म्हणे, दही घाला, सफरचंद उकडून घाला. माझा जीव नुसता जळला. बाई, तुला लोणी नकोसं झालंय. आम्हाला ते कधी मिळालंच नाही. लोण्याऐवजी काय, हे मला विचार. भाकरीवर जवसाची चटणी आणि करडईचं तेल, भाजीत शेंगदाण्याचं कूट. चाळीस वर्षं मी दुसरं काय केलं?

आणि हे घरात म्हशी असताना. सिरसाळ्याजवळच्या आमच्या वस्तीवर सकाळचं दूध डेअरीला जातं, संध्याकाळचं घरी विरजतं. घुसळायचं बाईनं, पण लोण्याचा गोळा घरधन्याच्या भाकरीवर. सासऱ्यांच्या वेळेपासून हीच रीत. सणाचं तूपसुद्धा पुरुषांची पंगत उठेस्तोवर संपलेलं असायचं. सध्या एकच म्हैस दुभती, तीही आटत आलेली. लिंबाएवढं लोणी निघतं, ते सगळं मालकांच्या ताटात.

स्वप्नाचे आईवडील ऊसतोडीला गेलेले, म्हणून बाळंतपण आमच्याकडे झालं. उसाच्या फडातून तिच्या आईचा फोन आला. डिंकाचे लाडू तेवढे तुपातले करा म्हणाली आणि बोलता बोलता रडली. मी शब्द दिला.

त्याच दिवशी मालकांना सांगितलं, की बारशापर्यंत गोळा बंद, त्याचं तूप कढवते. त्यांनी तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं आणि आमच्या परमेश्वरला सिरसाळ्याला पाठवून डालड्याचा पुडा आणवला.

“ह्यात कर लाडू. तूप काय अन् डालडा काय, बायकांला काय कळतंय?”

परमेश्वर बाळाचा बाप, पण त्यानं नुसता पुडा ठेवला आणि गोठ्याकडे गेला.

माझ्या बाळंतपणात सासूनं करडईच्या तेलात लाडू केले होते. घशाखाली उतरायचे नाहीत. चारही वेळा मी ते पाण्याच्या घोटाबरोबर गिळले. तेव्हा बोलले नाही, याचा आता राग येतो. मालकांचा येतो, सासूचा येतो आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा.

पुडा मी ठेवून घेतला. दुसऱ्या दिवसापासून खरं लोणी गाडग्यात, ताकात बुडवून. डालडा थंड ताकात फेसायचा, मिठाचा कण घालायचा, लिंबाएवढा गोळा वळून मालकांच्या भाकरीवर ठेवायचा. पहिल्या दिवशी त्यांनी गोळा बोटानं पसरला, खाल्ला, ढेकर दिला. आपल्या म्हशीच्या लोण्याची सर कशाला नाही, म्हणाले. मला हसू यायला हवं होतं. पण अंगाचा तिळपापड झाला. चव कळतच नव्हती, तर इतकी वर्षं आमच्या तोंडचं काढून खाल्लं कशाला?

आठवड्याचं लोणी साठलं तसं मी तूप कढवलं आणि स्वप्नाचे लाडू वळले.

बारशाला दिंद्रुडहून चुलत दीर मोहनराव आले. दोघे भाऊ जेवायला बसले. मालकांनी मोठ्या मनानं आपला अर्धा गोळा त्यांच्या भाकरीवर ठेवला. असलं लोणी आता बघायला मिळत नाही, मोहनराव म्हणाले. घरचं ते घरचं, जिभेला लगेच कळतं, मालक म्हणाले.

मी वाढता वाढता थांबले.

“भावजी, ह्यो डालडा हाय. रोज हेच खातेत. तुमच्या भावाला न्हाई कळालं.”

मालकांनी बोट चाटलं, पुन्हा एकदा चाटलं. मग लोणी कुठं जातंय, असं विचारलं.

“जिचं तिला जातंय. लेकराच्या मायला.”

पाहुणा समोर होता म्हणून ते ताटावरून उठले नाहीत. मोहनराव मान खाली घालून खात राहिले.

मी आत गेले. स्वप्नानं सगळं ऐकलं होतं. तिनं हातातला लाडू मोडला आणि अर्धा माझ्या तोंडात घातला. कसा झालाय सांगा आत्याबाई, म्हणाली.

मी चावत राहिले. गोड होता, डिंक कुरकुरीत होता. तुपाचं मात्र मला काही कळेना. कढवलं मी होतं, वास ओळखीचा होता, चव ओळखीची नव्हती. डालड्याचा लाडू दिला असता तरी मी अशीच मान हलवली असती. मालक बोलले तेच खरं निघालं, बायकांना कळत नाही. कळायला आधी तोंडात पडावं लागतं.

मी पदरानं तोंड पुसलं आणि परत बाहेर आले. मालक गोळा बाजूला सारून कोरडी भाकरी मोडत होते.

“उद्याच्याला गोळा माज्या भाकरीवर. मला चव शिकायची हाय.”