गालिच्याखालचा पंप

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे आणि माझा पत्ता विचाराल तर एक खड्डा. तळ्याकाठी एक घर आहे. त्याच्या बैठकीच्या खोलीत, जमिनीखाली चार हात, मी बसलेलो असतो. खिडक्यांतून तळं दिसतं म्हणून लोक त्या घरावर भाळतात. मला ते तळं कधी दिसलं नाही. पण माझ्याइतकी त्याची ओळख कुणालाच नसेल, कारण ते रोज जमिनीतून पाझरत माझ्याकडे येतं आणि मी त्याला रोज परत पाठवतो.

माझा जन्म कारखान्यातला. बिडाचं अंग, तांब्याच्या तारांची मोटर, आणि पाणी चढलं की वर उचलला जाऊन मला जागं करणारा एक तरंगता गोळा. आम्हाला विकण्याआधी हौदात सोडून तपासत. तपासणीवर एक कडक बाई होत्या. माझ्या पाठीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "हा बोलतो कमी, काम जास्त करतो." माझ्यावर शिक्का बसला. आम्हा पंपांना याहून मोठी पदवी ठाऊक नाही.

मला विकत घेतलं ते एका दातांच्या डॉक्टरांनी. हौसेने त्यांनी तळ्याला चिकटून घर बांधलं आणि पहिल्याच वर्षी फरशीच्या सांध्यांतून पाणी वर आलं. मग खड्डा खणून मला त्यात बसवलं. दर महिन्याला ते स्वतः झाकण उचलायचे, माझ्या तोंडाची जाळी घासायचे, हाताने पंखा फिरवून बघायचे. कीड लागायच्या आधी बघायची त्यांना सवयच होती. पाहुणे घराचं कौतुक करू लागले की ते झाकणावर टाच आपटून म्हणायचे, "घर मी बांधलं, पण कोरडं ठेवलंय ते याने." तेव्हा मी इतका फुगायचो की दोन बादल्या पाणी जास्तच फेकायचो.

डॉक्टर थकले आणि लेकीकडे राहायला गेले. घर दुसऱ्या मालकाने घेतलं. त्याला तिथे राहायचं नव्हतं. सुट्टीला येणाऱ्या लोकांना तो ते आठवड्याच्या भाड्याने देऊ लागला. ओले टॉवेल, वाळूने भरलेल्या चपला, पोरांचा दंगा, सगळं माझ्या डोक्यावरून जायचं. एकदा कुणीतरी तक्रार लिहिली की खालून घरघर येते. मालकाने झाकणावर जाड गालिचा अंथरला आणि गालिच्यावर जेवणाचं टेबल ठेवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्यानंतर आठ वर्षं झाकण उघडलं नाही. पाहुणे खिडक्यांची स्तुती करत, मावळतीच्या उन्हाची करत. माझं नाव कुणी काढलं नाही. फटींमधून केस, वाळू, गालिच्याचे धागे खाली पडत आणि माझ्या जाळीत अडकत. माझं बेअरिंग झिजलं. एके काळी कमी बोलणारा मी आता चालू झालो की सगळी फरशी थरथरायची. मला त्याची लाज वाटायची, पण पाणी यायचं थांबत नव्हतं, म्हणून मलाही थांबता येत नव्हतं.

मग मालकाने घर विकायला काढलं. दलालाला त्याने टेबलापाशी बसवून सांगितलं की खालच्या भानगडीबद्दल आपण होऊन बोलायची गरज नाही, आणि कुणी आवाजाचं विचारलंच तर फ्रिज म्हणून सांगायचं. दलाल हसला. त्यांना वाटलं ते दोघंच आहेत. पण जमिनीखाली राहणाऱ्याला सगळं ऐकू येतं.

मित्रांनो, इथून पुढचं सांगताना माझी मोटर अजूनही तापते.

घर बघायला एक जोडपं आलं. गृहस्थ शहराच्या पाणीपुरवठ्यात तेहतीस वर्षं पंप चालवत होते. पंपघराने त्यांचे कान पार खाल्ले होते. समोर उभं राहून ओठ हलवल्याशिवाय त्यांना काही कळत नसे. बाई एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात मुकादम होत्या. दोन वर्षांनी गृहस्थ निवृत्त होणार होते आणि त्या दिवशी पंपघराच्या आवारातलं क्वार्टर सोडावं लागणार होतं. म्हणून त्यांचा बेत असा होता की हे घर आताच घ्यायचं, दोन वर्षं सुट्टीच्या लोकांना भाड्याने द्यायचं आणि मग आपण राहायला यायचं. आयुष्याची सगळी पुंजी त्यात जाणार होती. चुकलं तर पुन्हा उभं राहायला वय उरलेलं नव्हतं.

काठावर चिखल होता, म्हणून गृहस्थांनी बूट दारात काढले आणि ते मोज्यांवरच आत आले. मी चालू होतो. गालिच्यावर पाय पडला आणि ते थबकले. दलाल खिडकीकडे हात करून तळ्याचं वर्णन करत होता, त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं. बऱ्याच वेळाने ते बायकोला म्हणाले, "इथे मला बरं वाटतंय गं."

मी आधी सुखावलो. मग माझ्या ध्यानात आलं. हा माणूस तेहतीस वर्षं थरथरत्या जमिनीवर उभा राहिला होता. पायाखाली थरथर आहे म्हणजे सगळं सुरळीत चाललंय, हे त्याच्या तळव्यांना पाठ झालं होतं. माझं बेअरिंग रडत होतं आणि त्यांना तो घराचा जिव्हाळा वाटत होता. शेकडो पंप ज्यांच्या हाताखालून गेले, तेच एका पंपाला फसत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

दुसऱ्या भेटीत बाईंनी कपाट उघडलं. घडी घातलेली चादर दोन बोटांत धरली, नाकाशी नेली आणि म्हणाल्या की ही नीट वाळलेली नाही. पाण्याकाठी हवा थोडी दमट असायचीच, असं दलाल म्हणाला. बाईंनी फरशीकडे बोट केलं आणि हा आवाज कसला ते विचारलं.

"फ्रिज आहे काकू. जुना आहे, पण दणकट," दलाल म्हणाला. त्याची पापणीही लवली नाही.

बाईंचं समाधान झालं नाही. दलाल बाहेर गेल्यावर त्यांनी नवऱ्याला समोर उभं करून सांगितलं की मला काहीतरी खटकतंय. गृहस्थांचा चेहरा उतरला. ते एवढंच म्हणाले, की तू नको म्हणशील तर नको घ्यायला. भांडले असते तर बाई नक्की जिंकल्या असत्या, पण या वाक्याशी भांडता येईना. त्याच खोलीतून त्यांनी बहिणीला फोन लावला. नवरा दोन पावलांवर होता, पण त्याची पाठ वळलेली होती, म्हणजे ऐकण्याचा प्रश्नच नव्हता.

"अगं, लग्न झाल्यापासून या माणसाने स्वतःसाठी एक छत्री मागितली नाही," त्या म्हणाल्या. "आता पहिल्यांदा काहीतरी हवं म्हणतायत. मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू?"

मी खाली सगळं ऐकलं. मी माझं काम जितकं चोख करत होतो, तितके ते दोघं खड्ड्यात चालले होते. थांबलो असतो तर सगळं उघडं पडलं असतं. पण पाणी असताना थांबायचं कसं, हे मला कारखान्यात कुणी शिकवलं नव्हतं.

सह्यांचा दिवस ठरला. चार वाजता मालक आणि दलाल कागद घेऊन याच टेबलाशी येणार होते. त्या आठवड्यात वरच्या डोंगरांत पाऊस कोसळत होता आणि तळं काठोकाठ भरलं होतं. तीन दिवस माझा गोळा खाली आलाच नव्हता. मोटर तापली होती, जाळी जवळजवळ बुजली होती, आणि मी दात-ओठ खाऊन चालत होतो.

जोडपं दुपारीच आलं. बाई पडद्यांची मापं घेऊ लागल्या. गृहस्थ बूट काढून टेबलाशी खुर्चीत बसले, पाय गालिच्यावर टेकवले आणि त्यांना डुलकी लागली. इतकी गाढ झोप की मान छातीवर आली.

तीन वाजून गेले असतील. गालिच्याच्या धाग्यांचा एक बोळा माझ्या पंख्यात गेला, झिजलेलं बेअरिंग आवळलं गेलं आणि मी थांबलो. मी मुद्दाम थांबलो असं सांगितलं तर तुम्हाला आवडेल, पण ते खोटं होईल. मी दमलो होतो, एवढंच खरं.

गृहस्थ ताडकन उठून उभे राहिले.

"काय बंद पडलं?"

बाई दचकल्या. त्यांनी फ्रिज दाखवला, दिवा दाखवला, सगळं चालू आहे असं ओठांनी सावकाश सांगितलं. गृहस्थांनी फ्रिजवर हात ठेवून पाहिला. तो खरंच चालू होता.

"हा नव्हे. दुसरं काहीतरी आहे."

मित्रांनो, पंपावरचा माणूस थरथरीने जागा होत नाही, थरथर थांबली की होतो. तेहतीस वर्षांची सवय त्यांना गाढ झोपेतून ओढून घेऊन आली होती. घोडं कुठे पेंड खातंय ते शोधत ते गुडघ्यांवर बसले, फरशीला तळहात लावत पुढे सरकले, टेबलापाशी आले. दोघांनी मिळून टेबल सरकवलं. गालिचा उलटला. त्याचा खालचा भाग ओलसर होता. बाईंनी तो दोन बोटांत धरला आणि नाकाशी नेला.

आठ वर्षांनी झाकण उघडलं. पाणी फरशीपासून वीतभर खाली होतं आणि चढत होतं.

गृहस्थांनी आधी मेन स्विच बंद केला. गाडीतून पाना आणि पक्कड आणली, बाह्या वर केल्या आणि खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. त्या हाताला सगळं माहीत होतं. त्याने माझी जाळी सोडवली, बोळा उपसून काढला, पंखा धरून पुढे-मागे हलवला. मी गच्च होतो. पाणी काठाशी आलं. बाई चादरी आणून खड्ड्याभोवती त्यांचा बांध घालू लागल्या. मला भीती वाटली की आता आपण सुटलोच नाही तर हे पाणी या दोघांच्याच पायांवर चढेल. गृहस्थांनी पुन्हा एकदा सगळा जोर लावला आणि मी सुटलो. मेन चालू झाला. पाणी उतरू लागलं.

"चालू कशाला केलात?" बाईंनी विचारलं. "तुंबू द्यायचं होतं. मालकाला दिसलं असतं."

"बंद पंप बघत बसायला मला जमत नाही," ते म्हणाले. मग ते खड्ड्याच्या काठावर बसले आणि चेहरा दंडाने पुसू लागले. पुसून झाला तरी पुसतच राहिले. "सगळी हयात पंपावर काढली. आणि घर आवडलं ते पंपामुळे. लोकांना सांगू नकोस."

बाई त्यांच्या शेजारी ओल्या फरशीवर बसल्या. सांगणार नाही, म्हणाल्या.

चारला मालक आणि दलाल आले. उघडा खड्डा बघून दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं. मग मालक सावरला. किरकोळ बाब आहे म्हणाला, तळ्याकाठी सगळ्यांकडेच असतं म्हणाला, किंमत कमी करतो म्हणाला. किंमत बरीच खाली आली. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. गृहस्थांना ते घर अजूनही हवं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मी श्वास रोखून पाणी फेकत होतो.

गृहस्थांनी मालकाला विचारलं, "याला शेवटचं कधी उघडलं होतं?"

मालकाने दलालाकडे पाहिलं.

"पाण्याचं मला भय नाही," गृहस्थ म्हणाले. "पण दोन वर्षं इथे भाड्याने लोक राहणार आणि मी तिकडे ड्यूटीवर. लोक विचारणार, हा आवाज कसला. मी काय सांगू? फ्रिज?"

"काका, भाड्याच्या घरात एवढं कोण बघतं?" दलाल म्हणाला.

बाईंनी सहीसाठी काढलेल्या पेनाला टोपण लावलं आणि पेन पर्समध्ये टाकलं.

जाताना गृहस्थांनी मालकाला सांगितलं की बेअरिंग गेलेलं आहे, सुट्टीच्या दिवशी येऊन बदलून देईन, पण झाकण पुन्हा झाकायचं नाही. मालक रागात होता, तरी दलालानेच त्याला समजावलं की आता लपवून विकलं तर अंगाशी येईल.

पुढच्या सुट्टीला ते दोघं खरोखरच आले. जुनं बेअरिंग काढून त्यांनी नवं बसवलं, सगळं अंग पुसलं, आणि पंपघराच्या रीतीप्रमाणे झाकणाच्या आतल्या बाजूला तारीख घालून सही केली. मग मला चालू केलं. मी पुन्हा कारखान्यातून निघालो तेव्हासारखा निमूट फिरू लागलो. त्यांनी फरशीला तळहात लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग बायकोकडे वळून विचारलं, "चालू आहे ना?"

"चालू आहे," बाई म्हणाल्या.

"हाताला काहीच कळत नाही," ते म्हणाले. ते हसले, पण त्यांना वाईट वाटलं होतं. मलाही वाटलं. त्यांनी हत्यारं पिशवीत भरली आणि दोघं निघून गेले. ते दोन वर्षांनी कुठे राहायला जाणार, हे त्यांनी माझ्यासमोर कधी बोलून दाखवलं नाही.

घर अजून विकलेलं नाही. बघायला येणाऱ्यांना दलाल आता झाकण उचलून दाखवतो आणि बरेच जण खड्ड्यात डोकावून नको म्हणतात. त्याचं मला दुःख नाही. मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी असं असेल, न बोलता राबणारं, ज्याची घरघर तुमच्या कानांना सवयीची झाली असेल. ते यंत्र असेल किंवा माणूस असेल. ते बंद पडेपर्यंत थांबू नका. महिन्यातून एकदा जवळ बसा, हात लावून बघा, आणि कसं चाललंय म्हणून विचारा.