बंद नंबरचं बिल

माझ्या नवऱ्याचं, श्रीरंगचं, एक आहे. आपण बरोबर आहोत असं वाटलं की तो पुढचंमागचं बघत नाही. २००५ साली त्यानं मोबाइल बंद केला, रीतसर अर्ज देऊन. तरी बिल दर महिन्याला खात्यातून परस्पर कापलं जात राहिलं. बँकेत गेला तर म्हणाले, कंपनीचं पत्र आणा. कंपनीला विचारलं तर म्हणे, बँकेला सांगा. शेवटी वैतागून त्यानं खातंच बंद केलं आणि लढाई मारल्यासारखा येऊन जेवायला बसला.

मग घरच्या फोनवर फोन सुरू झाले. बिल थकलंय, दंडासकट भरा.

"भरून टाक आणि मोकळा हो," मी म्हटलं.

"जे वापरलंच नाही त्याचे पैसे? हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

तत्त्वं त्याची आणि फोन उचलायचे मी. एकदा पलीकडच्या बाईनं गोड आवाजात विचारलं, "मुलगी दहावीला ना तुमची?" अश्लेषा संध्याकाळी माणिकपूरच्या क्लासहून एकटी यायची, आणि गिरीजच्या स्टॉपपासून आमच्या घरापर्यंत सगळी वाट केळीच्या बागांतून. हिला दहावी कुणी सांगितली?

एका शनिवारी मी शिकवते त्या शाळेतून लवकर आले, तर ओटीवर एक अनोळखी माणूस शहाळं पीत बसलेला. आमच्या वाडीत दारात आलेल्याला आधी शहाळं देतात, नाव-गाव मग विचारतात. माझ्या सासूबाई, सावित्रीबाई, तर विचारायचंही विसरतात, स्वतःच सांगत सुटतात.

"हा उमंग, श्रीरंगचा मित्र. तुम्ही कोणी नसता तेव्हा येऊन जातो बिचारा," त्या म्हणाल्या आणि त्याच्या हातात सुकवलेल्या केळ्यांची पुडी ठेवली.

त्यानं उठून मला नमस्कार केला. "वहिनी, आजी फार प्रेमळ आहेत. काही लपवत नाहीत." मग अगदी सहज म्हणाला, "साहेबांना बिलाची आठवण करा."

तो गेल्यावर मी सासूबाईंना विचारलं, याला काय काय सांगितलंत?

"काय सांगनार? पोरगी कुठल्या क्लासला जाते, किती वाजता सुटते. आपुलकीनं विचारतो तो."

मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. इतका वेळ त्यांचं आम्ही तरी कधी ऐकलं होतं?

श्रीरंग हे ऐकून पोलिसांत गेला. हवालदारानं विचारलं, "धमकी दिली? शिवी दिली? नाही ना? मग लिहू काय, शहाळं प्यायला?" घरी येऊन श्रीरंग म्हणाला, आता ग्राहक मंचातच जातो. पैसे भरायचं नाव नाही. माझं डोकं फिरलं. सोमवारपासून पोरीला आणायला मीच जाईन, असं मी ठरवलं.

सोमवारी स्टॉपवर बस रिकामी झाली, पण अश्लेषा उतरली नाही. कंडक्टरला विचारलं, त्यानं खांदे उडवले. मी पुढची बस येईपर्यंत थांबले, त्यातही ती नव्हती. बागेतून घरापर्यंत कशी पळाले ते माझं मला माहीत.

ती स्वयंपाकघरात पोहे खात होती.

"उमंगकाकांनी बाइकवरून सोडलं. क्लासबाहेर उभे होते. आजीनंच सांगितलं होतं म्हणे त्यांना, अंधारात पोरीला आणत जा म्हणून." घास गिळून ती बापाकडे वळली. "बाबा, तुम्हाला निरोप आहे. म्हणाले, आज सरळ घरी आणली म्हणून सांग."

श्रीरंगनं उठून थकलेली बिलं काढली आणि बेरीज करायला बसला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी जाऊन दंडासकट सगळं भरलं. काउंटरवरच्या मुलीनं हसून पावती दिली. मी विचारलं, वसुलीच्या माणसाला आता कळवाल ना?

"ते बाहेरच्या एजन्सीचे असतात, मॅडम. त्यांच्याकडे कधी पोचेल, आम्ही सांगू शकत नाही."

घरी येऊन आम्ही अश्लेषाचा क्लास बंद केला.