बर्फातली खाज

व्हर्लीनच्या मनगटावर पहिला चट्टा उठला तेव्हा बाहेर गुडघाभर बर्फ होता, त्यामुळे आयव्हीचा विचार कुणाच्या मनातही आला नाही. आमच्या वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात ती तीन-तीन पानांची वेल शेंबडं पोरही ओळखतं. तिचं तेल अंगाला लागलं की दोन दिवसांनी फोड येतात आणि मग पंधरा दिवस माणूस खाजवून वेडा होतो. पण ती पीडा उन्हाळ्याची. फेब्रुवारीत झाडं नुसती काड्यांसारखी उभी असतात.

व्हर्लीन कॅस्टो आणि मी, दोघी गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात. एकोणीस वर्षं झाली. सकाळी सहाला ओव्हन तापत ठेवायचे आणि दुपारी दोनपर्यंत शेवटचा ट्रे धुऊन व्हायचा. तिचा नवरा डोर्सी विजेच्या तारांखालची झाडं तोडणाऱ्या टोळीत होता. नोव्हेंबरात एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ट्रकच्या पायरीवर टेकला आणि बसल्या जागी गेला. दहाव्या दिवशी व्हर्लीन कामावर हजर. मी म्हटलं, "अगं, थोडे दिवस घरी राहायचंस." ती म्हणाली, "घरी काय करू, भिंतींशी बोलू?" आणि बटाटे सोलायला बसली.

चट्टा उठला तेव्हा तिने आधी भांड्यांच्या साबणाला दोष दिला. मग चट्टे कोपरापर्यंत चढले, मानेवर गेले आणि एका सोमवारी डावा गाल लाल होऊन सुजलेला. फोडांतून पाणी यायचं. ती स्वयंपाकघरातल्या मोठ्या फ्रीजचं दार उघडून आतल्या पत्र्याला हात टेकवून उभी राहायची, डोळे मिटून. झोप नव्हतीच. मक्याच्या पावाचे तुकडे कापताना तिची मान पडायची.

तिची नणंद लेना रविवारी येऊन बघून गेली. म्हणाली, "ब्लीच लाव. जे काही असेल ते मरतं." व्हर्लीनने लावलं. कातडी मेली, खाज होती तशीच राहिली.

"तुला अक्कल नव्हती का?" मी विचारलं.

"तीन रात्री झोप नसली की अक्कल कुठून आणू? तू म्हणाली असतीस तर रॉकेल लावलं असतं."

मग एका मुलीने घरी जाऊन सांगितलं, की जेवण वाढणाऱ्या बाईच्या हातातून पाणी गळतं. फोन आले. मुख्याध्यापकांनी व्हर्लीनला बोलावून घेतलं. खरूज हा शब्द त्यांनी तोंडातून काढला नाही, पण खुर्ची मागे सरकवून बसले होते म्हणे. बरं वाटेपर्यंत घरी राहा, म्हणाले. व्हर्लीनने एप्रन काढून खुंटीला लावला आणि माझ्याकडे न बघता गेली. एकोणीस वर्षं जिने त्या पोरांना वाढलं, तिच्या हातचं आता नको होतं. त्या दिवशी तीनशे ताटं मी आणि एका बदली बाईने कशीबशी काढली.

हमरस्त्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने तिला दोन मिनिटं पाहिलं, 'कसली तरी ॲलर्जी' म्हणाला आणि पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. पाच दिवस बरे गेले. आठव्या दिवशी सगळं दुपटीने परत आलं.

तेव्हा मी तिला गाडीत घातलं आणि रेक्सरोड बाईंकडे नेलं. त्या नर्स, सत्तरीला आल्यात. चर्चच्या तळघरात मंगळवारी-शुक्रवारी बसतात आणि औषधंही लिहून देतात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, व्हर्लीनचा हात खिडकीशी धरला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"ही खरूज नाही. हे फोड बघ, रेघेत आलेत. काहीतरी घासून गेल्यासारखे. आयव्ही आहे ही."

"बाहेर एवढा बर्फ पडलाय, बाई," मी म्हटलं.

"पानं गळली म्हणून तेल कुठे जातं? दांडीत असतं, मुळात असतं. कुऱ्हाडीच्या दांड्याला लागलं तर वर्षभर राहतं. सरपण कुठलं जाळतेस, व्हर्लीन?"

सरपण डोर्सीनेच तोडून रचलेलं होतं.

बाईंनी तीन आठवड्यांच्या गोळ्या लिहून दिल्या, रोज थोड्या थोड्या कमी करत न्यायच्या. "बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत. पाच दिवसांत ही ऐकत नाही, उलट चिडून परत येते. गार पाण्याची फडकी ठेव. ओटचं पीठ पाण्यात कालवून त्यात हात बुडवून बस. आणि त्या ब्लीचची बाटली नणंदेला भेट दे." मग शाळेसाठी चिठ्ठी लिहिली, की हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही, फोडांतल्या पाण्यानेही नाही, लागतं ते फक्त वेलीचं तेल. चिठ्ठी वाचून मुख्याध्यापक म्हणाले, उत्तम, पण फोड सुकू देत.

शनिवारी माझ्या नवऱ्याला, ओकीला, मी तिच्या सरपणाच्या ढिगावर पाठवलं. त्याने बर्फात उभं राहून एकेक ओंडका उलटापालटा करून पाहिला. दोन ओंडक्यांना केसाळ दोरखंडासारखी जुनी वेल चिकटलेली निघाली. ती जाळायची नव्हती. धुरातून तेल छातीत जातं आणि माणूस दवाखान्यात जातो. त्याने ते ओंडके लांब घळीत नेऊन टाकले. परत आल्यावर मी त्याला मागच्या ओट्यावरच कपडे उतरवायला लावले आणि भांड्यांचा साबण, फडकं आणि गार पाण्याची बादली पुढे ठेवली.

"लग्नाला चौतीस वर्षं झाली," तो दात वाजवत म्हणाला, "आणि आता मला बर्फात नागडा करतेस."

"नखांतही घास. नाहीतर उद्या कुठे कुठे खाजवशील, देव जाणे."

आम्हाला वाटलं, चोर सापडला. गोळ्यांनी हात सुकत आले. पण गोळ्या संपायला आठवडा राहिला असताना डावा गाल पुन्हा उठला, आणि या वेळी डोळाही. मी सकाळी तिच्या दारात गेले तर तो डोळा पूर्ण मिटलेला, पापणी पिकल्या टोमॅटोसारखी. तिने चुलीवरचं भांडं अंदाजाने धरलं होतं, त्यात बोटं भाजून घेतली होती. ती खुर्चीत बसली होती आणि खाजवतही नव्हती. खाजवायचं त्राणच उरलं नव्हतं.

रेक्सरोड बाईंनी तो गाल पाहिला. मग दुसरा पाहिला. दुसरा स्वच्छ होता.

"डाव्या कुशीवर झोपतेस?"

"हो."

"सरपण तर गालाला कोणी लावत नाही," बाई म्हणाल्या. "डोर्सीचं काही घरात आलंय का? कपडे, हातमोजे?"

"सगळं धुतलेलं आहे. तो स्वतः धुवायचा. कामावरचे कपडे त्याने कधी घरात आणले नाहीत, ओट्यावरच उतरवायचा."

"न धुतलेलं काही?"

व्हर्लीन तळघराच्या फरशीकडे बघत राहिली. "नाही," म्हणाली.

बाईंनी पुन्हा विचारलं नाही. गोळ्या वाढवून दिल्या, आणि कागद घडी घालता घालता, कोणाला उद्देशून नाही असं म्हणाल्या, "कुणाला घरात असं काही सापडलं, तर जाड हातमोजे घालून थेट मशीनमध्ये टाकावं. कडकडीत पाणी, भरपूर साबण, दोनदा. उशीचे अभ्रे, चादरी, सगळं. मग मशीन एकदा रिकामं फिरवायचं. तेल निघून जातं."

आम्ही गाडीने परत निघालो. पुलाजवळ आल्यावर ती म्हणाली, "त्याचं जॅकेट आहे."

मी गाडी बाजूला घेतली.

"त्या दिवशी जेवायच्या आधी त्याला घाम फुटला होता. जॅकेट काढून ट्रकमध्ये टाकलं आणि पायरीवर बसला. त्याचा मुकादम जानेवारीच्या शेवटी पिशवीत घालून घेऊन आला. सीटच्या मागे राहिलं होतं म्हणे." तिने माझ्याकडे वळून पाहिलं. "मॅव्हिस, बाकी सगळ्याला साबणाचा वास येतो. एवढंच एक तसं राहिलं होतं. करवतीचं तेल, ती त्याची पुदिन्याची तंबाखू, आणि तो."

"आणि तू ते उशीवर ठेवतेस."

"उशीला घालते. बटणं लावून."

 मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"ओकीने ढीग तपासला त्या दिवशी कळलं. कळलं, पण वाटलं, गाल उजवीकडे वळवून झोपेन. पण झोपेत माणूस कुठे ऐकतो?"

"अगं, डोळा गेला असता."

"खाज परवडते," ती म्हणाली. "खाज असली की निदान काहीतरी होत असतं."

"धू ते, व्हर्लीन."

"धुतलं की जाईल."

"तेलच ना? जाऊ दे की."

"तेलाचं कोण बोलतंय?"

मी तिला घरी सोडलं. जॅकेट तिने माझ्यासमोर काळ्या पिशवीत घालून तोंड आवळून बांधलं, उशीचा अभ्राही त्यातच टाकला. मी घासून घासून हात धुवायला लावले. पण पिशवी तिथेच दाराशी राहिली.  माझा नवरा घरी टीव्हीसमोर घोरत होता. मी कोण तिला सांगणार?

चौथ्या दिवशी शाळेतून सुटले तर तिचा फोन. "ये. तुझे ते लांब हातमोजे आण."

आम्ही दोघींनी हातमोजे चढवले. मशीनमध्ये टाकायच्या आधी तिने पिशवी फाडून जॅकेटचे खिसे उलटे केले. एका खिशात गोळ्यांच्या जुन्या डबीत भरलेला भांड्यांचा साबण होता आणि घडी घातलेलं फडकं. त्याची रोजची सवय ती; पन्नाशीत एकदा त्याला सर्वांगाला आयव्ही उठली होती, तेव्हापासून काम संपलं की ट्रकजवळच हात धुवायचा. त्या दिवशी काम संपलंच नव्हतं. व्हर्लीनने डबी उघडून पाहिली, परत बंद केली आणि कचऱ्यात टाकली. मग जॅकेट उचललं, आणि ती त्यावर वाकेल असं मला वाटलं, म्हणून मी पुढे झाले.

"नाही घेत वास," ती म्हणाली. "घेतला तर टाकवणार नाही."

तिने झाकण लावलं. मशीन सुरू झालं. आम्ही धुलाईच्या खोलीत जमिनीवरच बसलो, पाठ भिंतीला टेकून, पहिली फेरी संपेपर्यंत. दुसरी फेरी लावायला तिला उठवेना, तेव्हा मी लावली.

मागच्या ओट्यावर वाळत घातलं ते गारठ्याने पुठ्ठ्यासारखं ताठ झालं. दोन दिवसांनी आत आणून तिने बाही नाकाशी धरली.

"काय?" मी विचारलं.

"काही नाही. दुकानातलं वाटतं."

फोड सुकायला तीन आठवडे गेले. हातांवर तपकिरी डाग राहिले, ते राहिलेच. ती रडली का, मला माहीत नाही, माझ्यासमोर नाही. जॅकेट लेनाने मागितलं होतं, तिच्या जावयाला. व्हर्लीनने दिलं. मी विचारलं, देऊन टाकलंस? तर म्हणाली, "त्याला बरोबर बसतं. खांदेही तसेच आहेत." 

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी ती कामावर आली. मुख्याध्यापक स्वतः स्वयंपाकघरात येऊन बरं वाटतंय ना, म्हणाले. ती हो म्हणाली आणि घेवड्याचं पातेलं ढवळत राहिली. रांगेतल्या एका मुलीने तिच्या हातांकडे पाहिलं, मग ट्रे पुढे केला. व्हर्लीनने तिला एक पळी जास्तच वाढली.

"झोप लागते का आता?" भांडी धुताना मी विचारलं.

"लागते," ती म्हणाली. "काल तर दहा तास झोपले. उठले तर जास्तच दमलेली होते." आणि पुढचा ट्रे माझ्या हातात दिला.